मोटारींतील दिशादर्शकाला उपग्रह कां सांपडत नाहीं?

ज्या घरांत वीस वर्षांपूर्वीं मोटार नव्हती अशा पुष्कळ घरांच्या दारांत आज ती उभी दिसते, आणि तिच्या पुढल्या कांचेपाशीं रस्ता दाखविणारें एक लहानसें यंत्रहि असतें. कोणाच्या मोटारींत तें कारखान्यांतूनच बसवून आलेलें असतें, तर कोणी तें बाजारांतून आणून कांचेवर चिकटवितो. परभणीहून निघालेल्या कुटुंबाला पुण्याच्या नव्या वस्तींतील घर किंवा छत्रपति संभाजीनगरांतील रुग्णालय दाखवून देण्याचें काम हें यंत्र इमानानें करतें. परंतु एखादे रात्रीं, नेमकी घाई असतांना, त्याच्या पडद्यावर अक्षरें उमटतात : ‘उपग्रहांचा शोध चालू आहे’. पांच मिनिटें जातात, दहा जातात. अक्षरें कांहीं हलत नाहींत. मागच्या बैठकीवर आजारी माणूस असेल तर त्या दहा मिनिटांची किंमत निराळीच असते. अशा वेळीं बहुतेक लोक दोन उपाय करतात : यंत्राला टिचक्या मारणें, आणि गाडी तशीच पुढें दामटणें. पहिल्यानें कांहीं साधत नाहीं. दुसऱ्यानें तर उलट विलंबच वाढतो. तो कां वाढतो हें कळण्यासाठीं यंत्राचा आणि उपग्रहाचा व्यवहार कसा चालतो, तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, यंत्र वर प्रश्न पाठवितें आणि उपग्रह त्याचें उत्तर देतो. तसें मुळींच घडत नाहीं. यंत्र वर कांहींहि पाठवीत नाहीं; तें केवळ ऐकतें. परभणीच्या आकाशवाणी केंद्रावरून निघालेला कार्यक्रम चोहोंकडे पसरतो. कोणत्या घरांत तो ऐकला जात आहे याची केंद्राला वार्ता नसते. उपग्रहांचेंहि तसेंच आहे. ते अखंड बोलत असतात. ज्याला गरज असेल त्यानें ऐकावें. तेव्हां ‘उपग्रह सांपडत नाहीं’ याचा खरा अर्थ ‘उपग्रह ऐकूं येत नाहीं’ असा आहे, आणि ऐकूं न येण्याचीं कारणें बहुधा ऐकणाऱ्याच्या आसपासच शोधावीं लागतात.

जी. पी. एस. या तीन अक्षरांनीं जी व्यवस्था ओळखली जाते ती अमेरिकेच्या लष्करानें उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला, आणि १९९५ सालीं ती पूर्णपणें कामाला लागली. १ सप्टेंबर १९८३ रोजीं दक्षिण कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. त्यांत २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर ही व्यवस्था मुलकी उपयोगासाठींहि खुली केली जाईल, असें अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रेगन यांनीं जाहीर केलें. तरीहि मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठीं असलेल्या संदेशांत मुद्दाम थोडी चूक मिसळली जात असे. ती बंद झाल्यावरच मोटारींतील दिशादर्शक खऱ्या अर्थानें उपयोगी पडूं लागला. आज या व्यवस्थेचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात, आणि प्रत्येक उपग्रह बारा तासांच्या आंतच पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करतो. कोणत्याहि घटकेला उघड्या मैदानांतून पाहतां त्यांतील आठ-दहा उपग्रह क्षितिजाच्या वर असतात.

त्यांचें बोलणें असतें तरी काय? प्रत्येकाजवळ अत्यंत अचूक असें अणुघड्याळ असतें, आणि तो सारखा सांगत असतो कीं, ‘मी अमुक उपग्रह, अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां इतके वाजले आहेत.’ वीज चमकल्यावर गडगडाट ऐकूं येईपर्यंत मुलें अंक मोजतात आणि वीज किती लांब पडली तें सांगतात. यंत्र तेंच करतें. फरक इतकाच कीं, येथें ध्वनीच्या जागीं रेडिओची लाट आहे, आणि ती सेकंदाला सुमारें तीन लाख किलोमीटर धांवते. उपग्रहापासून जमिनीपर्यंत यावयास तिला एका सेकंदाचा जवळजवळ पंधरावा भाग पुरतो. हा वेळ मोजून यंत्र अंतर काढतें. तीन उपग्रहांपासूनचीं अंतरें मिळालीं म्हणजे जागा ठरावयास हवी. परंतु यंत्रांतील घड्याळ अणुघड्याळ नसतें, तें साधें व स्वस्त असतें. त्यांत एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. ही चूक शोधून काढण्यासाठीं चौथ्या उपग्रहाची साक्ष लागते. म्हणून नियम असा कीं, निदान चार उपग्रह स्वच्छ ऐकूं आले पाहिजेत. तीन ऐकूं येत असतील तर यंत्र फार तर अंदाजानें जागा सांगेल. दोहोंवर तें गप्पच राहील.

आतां या आवाजाचे दोन गुण ध्यानांत ठेवावयाचे. बहुतेक सर्व उपाय त्यांतूनच निघतात.

पहिला गुण म्हणजे त्याचा अतिशय क्षीणपणा. उपग्रहावरील प्रक्षेपकाची शक्ति घरांतील जुन्या विजेच्या दिव्याइतकीच असते. वीस हजार किलोमीटरांवरचा तो दिवा ! त्याची लाट जमिनीवर पोहोंचते तेव्हां ती यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षांहि मंद झालेली असते. प्रत्येक उपग्रहाच्या बोलण्याची लय यंत्राला ठाऊक असते म्हणूनच, भरल्या बाजारांत आईला आपल्या मुलाचा आवाज ओळखूं यावा, त्याप्रमाणें तें ती लाट वेचून काढतें. या लाटेची लांबी सुमारें १९ सेंटिमीटर असते. कांच, कापड आणि प्लास्टिक यांतून ती पार होते. ढग आणि पाऊसहि तिला फारसे अडवीत नाहींत. मृगाचें आभाळ भरून आलें म्हणून दिशादर्शक बंद पडला, असें सांगणारे लोक ढगांवर विनाकारण आळ घेतात. मात्र पत्रा, लोखंड, कांक्रीट आणि डोंगर यांतून ती येत नाहीं, आणि दाट ओल्या पानांच्या झाडाखालीं ती बरीच दुर्बळ होते.

दुसरा गुण म्हणजे त्याची संथ गति. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघे ५० बिट, म्हणजे हो-नाहींच्या पन्नास खुणा, इतक्या सावकाशपणें सांगतो. स्वतःच्या जागेचें नेमकें गणित सांगावयास त्याला सुमारें ३० सेकंद लागतात. शिवाय इतर सर्व उपग्रह ढोबळ मानानें कोठें असतील याचें एक पंचांगच तो तुकड्यातुकड्यांनीं सांगत असतो, आणि तें संपूर्ण ऐकावयाचें तर साडेबारा मिनिटें लागतात. यंत्राजवळ हें पंचांग असेल तर कोणता उपग्रह केव्हां उगवणार हें त्याला आधींच कळतें आणि तें भराभर कामाला लागतें. परंतु रोजचें नेमकें गणित कांहीं तासांतच शिळें होतें, आणि यंत्र कित्येक महिने कपाटांत पडून राहिलें तर पंचांगहि उपयोगाचें राहत नाहीं. मग त्याला सगळा पाठ नव्यानें घ्यावा लागतो. तसेंच बंद यंत्र परभणीहून नेऊन शेंकडों कोसांवरच्या परमुलखांत उघडलें, तर तें प्रथम परभणीचेंच आकाश शोधीत बसतें.

गाडी दामटण्यानें विलंब कां वाढतो, तें आतां उघड होईल. तीस सेकंदांचा तो पाठ चालू असतां मध्येंच पूल आला, बाजूनें उंच मालमोटार गेली किंवा चिंचेच्या झाडांची रांग लागली, तर त्याचा तेवढा तुकडा तुटतो, आणि तो पुन्हां कानीं पडावा म्हणून पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. धांवत्या गाडींत असें वारंवार घडतें. म्हणून पहिला आणि सर्वांत फलदायी उपाय हा कीं, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागीं, उघड्या आकाशाखालीं न्यावी आणि उभी करावी. यंत्र रोजच्या वापरांतलें असेल तर एक-दोन मिनिटें पुरतात; पुष्कळ दिवस बंद असेल तर पंधरा मिनिटें धीर धरावा. तेवढ्या अवधींत तें वारंवार बंद-चालू करूं नये. तसें केल्यास पाठ पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो.

परभणी जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. जिंतूरकडील टेंकड्या आणि गंगाखेडच्या दक्षिणेचा बालाघाट सोडला, तर आकाश अडविणारें येथें फारसें कांहीं नाहीं. पाथरी, मानवत किंवा पूर्णा यांच्या आसपास भर रस्त्यावर उपग्रह सांपडत नसतील, तर आकाशाला बोल न लावतां गाडींतच दोष पाहावा. अडचणीच्या जागा म्हणजे सरकी-कापसाच्या कारखान्यांतील पत्र्याच्या शेडी, घराखालचे वाहनतळ, आणि मोठ्या शहरांतील उंच इमारतींमधल्या अरुंद गल्ल्या. तेथून गाडी बाहेर काढली कीं प्रश्न आपोआप सुटतो.

उघड्यावर येऊनहि यंत्र मुकेंच राहिलें तर पुढील तपासणी क्रमानें करावी.

प्रथम यंत्राची मांडणी पाहावी. कित्येक यंत्रांत दुकानांत प्रदर्शन करण्यासाठीं किंवा घरांत बसून मार्ग पाहण्यासाठीं नकली प्रवासाची सोय असते. मुलांच्या हातून ती चालू राहिली कीं यंत्र उपग्रहाकडे लक्षच देत नाहीं. मोबाइल फोनवर स्थान दाखविण्याची परवानगी बंद केलेली असली तर हाच अनुभव येतो. ती सोय बंद करावी, किंवा ती परवानगी द्यावी, आणि यंत्र एकदांच नीट बंद करून पुन्हां चालू करावें. पुष्कळ यंत्रांत उपग्रहांचें एक पान असतें व त्यावर उभ्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या मुळींच नसतील तर आवाजच येत नाहीं. पट्ट्या असून जागा ठरत नसेल तर आवाज येत आहे, पण पाठ पुरा झालेला नाहीं, असें समजावें. पहिल्या प्रकारांत अडथळा शोधावा, दुसऱ्यांत थांबावें.

त्यानंतर कांच पाहावी. सुटें यंत्र हातांत घेऊन गाडीबाहेर उभें राहावें. बाहेर उपग्रह सांपडतात आणि आंत सांपडत नाहींत, असें झालें तर दोष कांचेचा किंवा तिच्यावरील आवरणाचा. ऊन परतविणाऱ्या कांहीं फिल्मींत धातूचा अतिसूक्ष्म थर असतो, आणि तो या लाटेला पत्र्यासारखाच अडवितो. (गाड्यांच्या कांचांवर काळ्या फिल्मी लावण्यास सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ रोजीं मनाई केली होती, त्या आदेशाचें कारण मात्र निराळें, म्हणजे गुन्ह्यांना आळा घालण्याचें होतें.) कांहीं भारी मोटारींच्या पुढल्या कांचेंतच असा थर घातलेला असतो, परंतु आरशामागें एक लहानशी जागा मोकळी सोडलेली असते, आणि टोलनाक्यावरचा फास्टॅग तेथेंच लावण्यास सांगतात. फास्टॅगची लाट जेथून जाते तेथून उपग्रहाचीहि येते. म्हणून यंत्र त्या जागेच्या जवळ, परंतु चालकाची दृष्टि न अडवितां ठेवावें. उन्हासाठीं कांचेआड धरलेला चंदेरी पडदाहि दूर करावा.

मग गाडींतील इतर विजेचीं उपकरणें पाहावींत. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत बसविलेले स्वस्त चार्जर आणि रस्त्याचें चित्रण करणारे कॅमेरे यांतून रेडिओची खरखर बाहेर पडते. उपग्रहाचा आवाज मुळांतच इतका क्षीण, कीं वीतभर अंतरावरची ही खरखर त्याला बुडवून टाकते. एकेक उपकरण काढून दोन-दोन मिनिटें वाट पाहावी. कोणतें काढल्यावर पट्ट्या वाढतात तें लगेच कळतें. गाडीचा माग लागूं नये म्हणून हे संदेश मुद्दाम दडपणारीं अवरोधक यंत्रेंहि चोरून विकलीं जातात. परवानगीवांचून तीं बाळगणें हा गुन्हा आहे, हें सांगितलेलें बरें.

यंत्र कारखान्यांतूनच बसविलेलें असेल तर त्याचा कान, म्हणजे अँटेना, बहुधा छपरावर किंवा पुढल्या फळीखालीं असतो. पत्रा ठोकून घेतल्यावर, रंग दिल्यावर किंवा नवें गायन-यंत्र बसविल्यावर दोष उत्पन्न झाला असेल, तर तारेचा सांधा सैल राहिला असण्याचा संभव मोठा. छपरावरील अँटेनाच्या बुडाशीं पाणी मुरल्यानेंहि सांधा गंजतो. हें काम घरीं करूं नये. परंतु कारागिराला ‘अमुक कामानंतर हें झालें’ असें सांगितलें तर त्याचा अर्धा वेळ वांचतो.

उन्हाळ्याचाहि येथें संबंध येतो. मराठवाड्यांत वैशाखामध्यें पारा चव्वेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि बंद गाडीच्या कांचेमागें त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. यंत्रांतील बॅटरीला तो सोसत नाहीं. घड्याळ आणि पंचांग जपून ठेवणारी आंतली लहान बॅटरी निकामी झाली कीं, यंत्र दररोज सकाळीं कोरी पाटी घेऊन उठतें आणि दररोज पहिल्यापासून पाठ घेतें. रोजच पंधरा-पंधरा मिनिटें लागूं लागलीं तर हेंच कारण समजावें, आणि उभ्या गाडींतून यंत्र काढून घरांत ठेवण्याची संवय लावावी.

यंत्र जुनें असेल तर त्याची तारीख पाहावी. या व्यवस्थेंत आठवडे ० पासून १०२३ पर्यंत मोजतात आणि मग पुन्हां शून्यावर येतात, जसा गाडीचा जुना अंतरमापक सगळे नऊ संपल्यावर शून्य दाखवितो. गणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. ऑगस्ट १९९९ मध्यें ती एकदां आणि एप्रिल २०१९ मध्यें दुसऱ्यांदां शून्यावर आली. ज्या यंत्रांत याची तरतूद नव्हती त्यांना आपण जवळजवळ वीस वर्षें मागें गेलों असें वाटूं लागलें, आणि चुकीच्या काळाचें आकाश तीं शोधीत बसलीं. निर्मात्याकडून नवी आज्ञावली मिळत असेल तर ती घालावी; मिळत नसेल तर यंत्राचें आयुष्य संपलें असें समजावें. यापुढील फेरा नोव्हेंबर २०३८ मध्यें येईल.

क्वचित् दोष खरोखरच वर असतो. मे २०२४ मध्यें सूर्यावरील मोठ्या वादळामुळें अमेरिकेंतील शेतकऱ्यांचे उपग्रहाच्या आधारानें चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणींत अडखळले. भारतानेंहि स्वतःची व्यवस्था उभारतांना हा अनुभव घेतला आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं श्रीहरिकोटा येथून गेला, आणि २०१६ सालीं तिला ‘नाविक’ हें नांव मिळालें. परंतु त्या पहिल्याच उपग्रहावरील परदेशी बनावटीचीं तीनहि अणुघड्याळें बंद पडलीं. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या उपग्रहावर भारतीय शास्त्रज्ञांनीं घडविलेलें घड्याळ बसविलें गेलें. आतां अनेक यंत्रें अमेरिकेबरोबरच रशिया, युरोप, चीन व भारत यांचेहि उपग्रह ऐकूं शकतात. नवें यंत्र घेतांना तें किती देशांचे उपग्रह ऐकतें, हें विचारून घ्यावें. जितके बोलणारे अधिक तितकी गैरसोय कमी.

कांहीं ठिकाणीं मात्र मुकेपणा हा दोषच नव्हे. समृद्धि महामार्गावर इगतपुरीपाशीं सुमारें पावणेआठ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. जून २०२५ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. डोंगराच्या पोटांत उपग्रहाचा आवाज पोहोंचणें शक्यच नाहीं. तेथें यंत्र शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतें किंवा थांबतें, आणि बाहेर पडल्यावर थोड्याच वेळांत पूर्ववत् होतें. अशा जागीं पडद्याशीं खटपट न करतां फलकांकडे पाहून गाडी चालवावी.

याच्या उलट, उपग्रह व्यवस्थित ऐकूं येत असतांनाहि घात होऊं शकतो. कारण उपग्रह फक्त जागा सांगतो, रस्ता सांगत नाहीं. रस्ता सांगतो तो नकाशा, आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो. जानेवारी २०२१ मध्यें कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याच्या प्रवाशांची मोटार अकोले तालुक्यांत रात्रीच्या वेळीं नकाशाच्या सांगण्यावरून पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर गेली. दोघे वांचले, एकाचा बुडून मृत्यु झाला. तेथें उपग्रहाचा कांहींच दोष नव्हता. पूल पाण्यांत आहे हें नकाशाला ठाऊक नव्हतें. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठीं राहणाऱ्यांना हें निराळें सांगावयास नको. पावसाळ्यांत कोणता पूल पाण्याखालीं जातो हें गांवचा गुराखी सांगेल. यंत्र सांगणार नाहीं. जें यंत्र ‘ऐकूं येत नाहीं’ असें कबूल करतें तें निदान सावध तरी करतें. जें आत्मविश्वासानें पाण्याकडे नेतें त्यापासून अधिक जपावें.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीं थोडी पूर्वतयारी ठेवावी. यंत्र घरासमोरच्या अंगणांत पांच मिनिटें चालू करून ठेवावें, म्हणजे दिवसाचा पाठ तेथेंच पुरा होतो. मार्गाचा नकाशा फोनमध्यें आधींच उतरवून घ्यावा. मोबाइलचा मनोरा नसलेल्या जागीं उपग्रह ऐकूं आला तरी नकाशा उघडत नाहीं. वाटेंतील तालुक्यांचीं आणि फांट्यांचीं नांवें एका कागदावर क्रमानें लिहून ठेवावीं. विशेषतः रुग्णासाठीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची झाली, तर नुसत्या गांवाच्या नांवावर विसंबूं नये. पिंपळगाव, पिंपरी, वडगाव हीं नांवें महाराष्ट्रांत जागोजाग आहेत. गांव, तालुका, जवळचा फांटा आणि देऊळ किंवा शाळा यांसारखी एखादी ठळक खूण, इतकें स्पष्ट सांगितलें, म्हणजे उपग्रह बोलो अथवा न बोलो, मदत योग्य दारीं पोहोंचते.